सांगली : ५० हजारांत घरी रेकॉर्ड ऐकायच्या आहेत, प्लेअर आणि स्पीकर कोणते घ्यावेत?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली, गावभाग. घरात रेकॉर्ड्स आहेत : साठेक एलपी, वीसभर छोट्या ४५च्या आणि चाळीसच्या आसपास लाखेच्या ७८च्या (आकडे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे, एलपी ३३च्या). बहुतेक नाट्यसंगीत आणि ख्याल, थोडी भावगीतं. वाजवायला काहीच नाही. खोली दहा बाय बारा, खाली फरशी, वर स्लॅब. ऐकणार बैठक मारून, गादीवर. प्लेअर, स्पीकर, वायरी सगळं मिळून ५० हजार, त्यावर जाणं शक्य नाही.
विचारायचं असं : १) कोणता प्लेअर? २) स्पीकर अँप (आवाज वाढवणारं यंत्र) आतच असलेले घ्यावेत की अँप वेगळा? ३) दहा-बारा एलपींवर २०१९च्या पुराचा गाळ वाळून बसलाय. त्या वाचतील का?

माहुलीकर
प्लेअरचं नाव ठरवायच्या आधी ७८च्या चाळीस ऐकायच्या आहेत की नाही ते ठरवा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

एलपीची खाच बारीक असते. तिला ०.७ मिलची, म्हणजे साधारण १८ मायक्रॉनची सुई लागते. ७८च्या खाचेला ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८वर टेकवली तर ती खाचेच्या भिंतींना धरून बसत नाही, तळाशी लोळते. त्या तळात जुन्या पोलादी पिनांनी केलेला चुरा आणि धूळ साठलेली असते, तीच तेवढी ऐकू येते. गाणं मागे आणि खरखर पुढे. शिवाय लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड मिसळलेली असते, ती बारीक सुईला खाते. आणि उलटं केलंत, ७८ची सुई एलपीवर टेकवलीत, तर एलपीच कायमची जाते.

म्हणजे ७८ ऐकायच्या तर दोन गोष्टी हव्यात : प्लेअरला ७८चा वेग, आणि सुई बदलता येईल असं कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि सुईच्या थरथरीची वीज करते ती छोटी डबी). स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स त्यातलाच. एलपी आणि ४५पुरता तो चांगला आहे. पूर्ण स्वयंचलित, रेकॉर्ड संपली की आर्म (सुई धरणारा दांडा) आपोआप परत जातो. पण ७८ त्यावर विसरायच्या.

चाफळचा_चिंतामणी
माहुलीकरांना +१. आणि कृपा करून सुटकेसमधला प्लेअर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याचशांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुई ५-६ ग्रॅमच्या वजनाने रेकॉर्डवर बसते आणि वजन कमी करायची सोयच नसते. चांगलं कार्ट्रिज २ ग्रॅमवर चालतं. वर स्पीकर त्याच पेटीत, त्याची थरथर थेट सुईला.

शाहूपुरी_सातारा
दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो, पण त्याआधी फोनो स्टेज म्हणजे काय ते समजून घ्या. नव्या माणसाचा निम्मा घोळ तिथेच होतो.

रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबून आणि वरचे स्वर वाढवून कोरतात. खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावणारच नाहीत. हे दाबणं-वाढवणं किती, त्याचं १९५४पासून आरआयएए नावाचं प्रमाण आहे. वाजवताना बरोबर उलटं करावं लागतं. त्यातून कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट, आणि स्पीकरच्या ऑक्सला (बाहेरून आवाज आत घ्यायच्या खोबणीला) लागतात दोन-तीनशे. ही दोन्ही कामं फोनो स्टेज करतो : सुमारे १०० पट वाढवतो आणि स्वरांचा तोल परत जागेवर आणतो.

आता लक्षणं ओळखा. आवाज एकदम बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खर्ज गायब : फोनो स्टेज मध्ये नाहीच. आवाज फाटका, खर्ज बदबदलेला : दोन वेळा लागलाय, एक प्लेअरमधला आणि एक अँपमधला. प्लेअरच्या मागे फोनो / लाइन असं बटण असतं. स्पीकरला थेट जोडायचं तर लाइन. अँपच्या फोनो खोबणीत घालायचं तर फोनो. एवढं पाळलंत की झालं.

स्पीकरचं म्हणाल तर अँप आतच असलेले घ्या. एडिफायर आर१२८०टी सारखी जोडी : चार इंची वूफर (खर्जाची मोठी चकती), दोन्ही मिळून ४२ वॅट, मागे वायरी जोडायला आरसीए खोबणींच्या दोन जोड्या. दहा बाय बाराच्या खोलीत माणसाच्या आवाजाला, पेटीला, तबल्याला हे पुरून उरतं. त्यात फोनो स्टेज नाही, त्यामुळे प्लेअरमध्ये हवा.

कऱ्हाडकर
शाहूपुरी, इथे माझं जमत नाही. स्पीकरच्या आतला अँप उद्या जळला तर दोन्ही स्पीकर भंगारात. जुना, फोनो खोबणी असलेला अँप आणि साधे स्पीकर घेतले तर एकेक भाग सावकाश सुधारता येतो. जुना अँप घेताना एवढं बघा :
आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवा. खरखर थोडी चालेल, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण एक बाजू अधूनमधून बंद पडत असेल तर सोडून द्या.
स्पीकर न जोडता अँप सुरू करून दहा मिनिटं ठेवा, मग स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा. २०-३०च्या आत असेल तर उत्तम. ५०च्या वर गेला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय स्पीकर लावू नका, कॉइल जाळेल.
जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीची कडा बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल आणि चुरा पडला तर ती कडा नव्याने बसवावी लागणार. रबरी किंवा कापडी कडा टिकते.

शाहूपुरी_सातारा
कऱ्हाडकर, मुद्दा बरोबर आहे, ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि तपासायची सवय आहे त्याच्यासाठी. कृष्णाकाठ यांच्याकडे आज वाजवायला काहीच नाही आणि हद्द ५० हजार. पहिल्या खेपेला भाग जितके कमी तितकी चुकायची जागा कमी. त्यांचा निम्म्याहून जास्त पैसा ७८साठी प्लेअरमध्येच जाणार आहे.

भोरवाडी
नवा कशाला? पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार-रविवार, जुने गॅरार्ड, फिलिप्स, एचएमव्ही दिसतात. त्यात १६, ३३, ४५, ७८ चारही वेग असतात.

माहुलीकर
दिसतात, पण ते विकत घेणं म्हणजे दुरुस्ती विकत घेणं. त्यात नेहमी काय बिघडलेलं असतं ते सांगतो. आतलं रबरी चाक, आयडलर, कडक होतं, मग वेग हलतो आणि घरघर ऐकू येते. आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेतलं ग्रीस गोठून सगळं जाम होतं. रॉकेलने नुसतं धुऊन भागत नाही, पुरतं खोलून जुनं ग्रीस खरवडून काढावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रिस्टल कार्ट्रिज : त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक ओल धरतो आणि विरघळतो. कृष्णेकाठच्या चार पावसाळ्यांत राहिलेलं क्रिस्टल कार्ट्रिज चालू निघालं तर नशीबच म्हणायचं. ते गेलेलं असेल तर आवाज पुसट येतो किंवा अजिबात येत नाही, आणि बसेल असं दुसरं शोधत फिरावं लागतं. हौस म्हणून घ्या, पण एलपी ऐकायचं मुख्य यंत्र म्हणून नको.

विटेकर_अमेरिका_रिटर्न
नातेवाईक अमेरिकेतून प्लेअर आणतोय म्हणाला तर? तिकडे स्वस्त पडतो.

शाहूपुरी_सातारा
मोटर बघा. अ‍ॅडॉप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल आणि अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर आणा. भिंतीतून थेट वीज घेणारी सिंक्रोनस एसी मोटर असेल तर नको. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने २३० वरून ११० वर येईल, पण तिचा वेग ठरतो फ्रिक्वेन्सीवर. तिकडची ६० हर्ट्झ, आपली ५०. मग ३३⅓च्या जागी प्लेअर २७.८ने फिरेल आणि प्रत्येक गाणं तीन अर्धस्वर खाली उतरेल. पुली बदलल्याशिवाय त्याला उपाय नाही.

जवारी_मिरज
आवाज कसा पारखायचा यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुकानात ढोल-ताशा वाजवून दाखवतात, त्यातून काही कळत नाही. तुम्ही ख्यालाची एलपी घेऊन जा आणि सुरुवातीचा नुसता तानपुरा ऐका. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या हार्मोनिक्सचा झणत्कार. स्पीकर चांगला असेल तर खर्जाची तार छेडल्यावर तो झणत्कार उठतो, फुलतो आणि सावकाश विरतो, प्रत्येक तार वेगळी कळते. वाईट स्पीकरवर सगळ्या तारांची एकच सपाट गुणगुण होते. मिरजेत तानपुरे बनवणारे जवारी काढताना कान देऊन हेच ऐकत असतात.

वेगाची परीक्षाही तानपुराच घेतो. तालवाद्यांत वेगाचा हेलकावा लपतो, स्थिर षड्जात लपत नाही. प्लेअर हलत असेल तर षड्ज खंबाटकी घाटातनं चालल्यासारखा वर-खाली होतो. मात्र प्लेअरला दोष द्यायच्या आधी घड्याळ लावा. हेलकावा बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर तो एका फेरीचा आहे, म्हणजे रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकलीय. दुसरी रेकॉर्ड लावून बघा. अनियमित असेल तर बेल्ट किंवा मोटर.

सरासरी वेग तपासायला यंत्र लागत नाही. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा, सुई टेकवून वाजत असतानाच फेऱ्या मोजा. तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या झाल्या की ३३⅓ आहे. पाव फेरी मागे-पुढे चालेल, दोन फेऱ्यांचा फरक असेल तर कान ओळखतोच.

चाफळचा_चिंतामणी
हा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवतोय. जवारीदादा, वेगळा धागा काढा तानपुऱ्यावर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. ७८ ऐकायच्याच आहेत, त्यातच जुनं नाट्यसंगीत आहे. मग त्यासाठी नेमका कोणता प्लेअर? आणि सुई मी स्वतः बदलू शकेन का?

माहुलीकर
मग माझं मत ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्टची कटकट नाही. ३३, ४५, ७८ तिन्ही वेग. फोनो स्टेज आत, मागच्या बटणाने बंदही करता येतो. कार्ट्रिज व्हीएम९५ई बसवूनच येतं. या ९५ मालिकेचं धड एकच, सुई पुढून ओढून काढायची आणि दुसरी घालायची, स्क्रूला हात लावायचा नाही. ७८साठी त्यातलीच एसपी नावाची ३ मिलची सुई येते.

एक खबरदारी. ९५ई २ ग्रॅमवर चालते (१.८ ते २.२), एसपी ५ ग्रॅमवर (४.५ ते ५.५). आर्मच्या मागचं वजन तेवढं पुढे येतं का ते सुई मागवायच्या आधी दुकानदाराला विचारा, आणि वजन आर्मवरच्या आकड्यांवर नाही, छोट्या डिजिटल सुईकाट्यावर (सुईचं वजन मोजायच्या तराजूवर) मोजा. ७८ संपवून एलपीकडे वळताना वजन परत २ वर आणायला विसरू नका.

पहिली मांडणी अशी करा :
प्लेअर समपातळीत, लेव्हल ट्यूब ताटलीवर दोन दिशांनी ठेवून.
अँटीस्केट (आर्मची आत ओढ तोलणारं बटण) शून्यावर. मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल इथपर्यंत आणा.
मग वजनावरची आकड्यांची चकती तेवढी शून्यावर फिरवा, वजन नाही. त्यानंतर वजन आणि चकती मिळून २ पर्यंत. काट्यावर पडताळा.
अँटीस्केट २.
सुई पुढून बघा, रेकॉर्डवर ती उभी असायला हवी, एका बाजूला कललेली नको. नाहीतर एक चॅनेल फाटतो.

वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते हा गैरसमज आहे. हलकी सुई मोठ्या तानेला खाचेत उडते आणि भिंतींवर आपटते. गाण्यातला 'स' फिस्कटायला लागला की वजन आधी बघा, सुईवरची धूळ नंतर.

कऱ्हाडकर
९५ईऐवजी शंकूच्या आकाराची ९५सी का नाही? स्वस्त पडते, आणि कंपनीच सांगते की शंकूची सुई ५०० तास, लंबवर्तुळाची ३००.

माहुलीकर
लंबवर्तुळाची सुई रेकॉर्डच्या आतल्या भागात, लेबलजवळ, जास्त साफ वाजते. तिथे खाच प्रति सेकंद कमी लांबीत तेवढंच गाणं भरते. ख्यालात द्रुत तिथेच येतो, म्हणून ई ठेवावी. ३०० तास म्हणजे वीस मिनिटांच्या ९०० बाजू, रोज एक ऐकली तरी अडीच वर्षं जातात.

अजिंक्यतारा_व्ह्यू
सगळे यंत्रांवर बोलताय, खोलीवर कुणीच नाही. फरशी आणि स्लॅब म्हणजे आवाज समोरासमोर आपटून घोळ करणार. जाड सतरंजी किंवा गादी स्पीकर आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये, मागच्या भिंतीला पडदा किंवा पुस्तकांचं कपाट. एवढ्याने जो फरक पडतो तो दुप्पट पैशाच्या स्पीकरने पडत नाही.

बैठक मारून ऐकणार आहात हे फार महत्त्वाचं. मांडी घातलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतो. स्पीकरची वरची छोटी चकती, ट्वीटर, त्याच उंचीला हवी. टीव्हीच्या उंच कपाटावर ठेवलेत तर झांजा आणि तानपुरा डोक्यावरून जाणार. बुटके स्टूल घ्या किंवा स्पीकर किंचित खाली झुकवा. भिंतीपासून फूटभर पुढे, दोघांतलं अंतर जेवढं तेवढंच तुमच्यापासून. दहा बाय बाराला सहा-सहा फूट छान बसतं.

प्लेअर आणि स्पीकर एकाच टेबलावर कधीही नको. खर्ज टेबलातून सुईत जातो, सुईतून परत स्पीकरला, आणि हूऽऽ असा घुमारा सुरू होतो. भिंतीत पक्का बसवलेला कडप्प्याचा फळा असेल तर प्लेअरसाठी त्यासारखी जागा नाही. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांत, लाकडी माडीवर तर तोच एक उपाय. तिथे कुणी नुसतं चाललं तरी सुई उडी मारते.

भोरवाडी
आणि गुणगुण आली तर? ५० हर्ट्झची.

शाहूपुरी_सातारा
प्लेअरला अर्थिंगची वेगळी बारीक वायर असेल तर ती अँपच्या जीएनडी स्क्रूला. मग तिन्ही पिनांचं सॉकेट खरंच अर्थ झालंय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा, जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं दिखाव्याचं असतं. सिग्नलची वायर आणि विजेची वायर शेजारी-शेजारी नेऊ नका, आडवीच गेली तर काटकोनात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुणगुण येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे, प्लेअरचा दोष नाही.

हरिपूर_संगम
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. गाळाच्या एलपी वाचतात. पाण्याने व्हिनाइलचं काही बिघडत नाही, बिघडतं ते गाळ कोरडा असताना पुसल्याने. कृष्णेच्या गाळात बारीक वाळू असते, फडकं फिरवलंत की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होईल.

आधी लेबल झाका. दोन बाजूंनी लेबलच्या मापाचे प्लॅस्टिकचे डबे दाबून धरता येतात. नळाच्या संथ धारेखाली रेकॉर्ड उभी धरा आणि हात न लावता गाळ वाहू द्या. तो सुटत नसेल तर कोमट पाण्यात भिजवा, गरम पाण्यात नको, वाकेल. मग लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ केसांच्या रुंद ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, आडवं कधीच नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून धुवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने शेवट केलात तर क्षार खाचेत वाळतात आणि टकटक सुरू होते. उभ्या स्टँडमध्ये सावलीत वाळवा.

जुनी आतली कागदी पिशवी फेकून द्या, बुरशी तिच्यातच असते. वरचं कव्हर वाळवून वेगळं ठेवा. नवी पिशवी पॉलिथिनची, मऊ चिकट पीव्हीसीची नाही. ती महिन्यांनी रेकॉर्डवर धुरकट डाग सोडते.

जवारी_मिरज
हरिपूरकरांच्या लिहिण्यात एक जोडतो, अगदी महत्त्वाचं. ७८वर स्पिरिट, आयसोप्रोपिल, सॅनिटायझर काहीही नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाच डोळ्यांदेखत जाते. ७८ला साबणाचा थेंब आणि पाणी, तेही झटपट, भिजत ठेवायच्या नाहीत. आणि सगळ्या रेकॉर्ड उभ्या ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये तिथलं तापमान व्हिनाइल वाकवायला पुरतं.

कृष्णाकाठ
मग असं ठरवतोय : आता एलपी१२०एक्स आणि अँप आतच असलेले चार इंची स्पीकर. डिजिटल सुईकाटा, ब्रश आणि पॉलिथिनच्या पिशव्या उरलेल्या पैशांत. ७८ची सुई पुढच्या टप्प्यात, तोवर त्या नुसत्या धुऊन ठेवतो. कडप्प्याचा फळा भिंतीत आहेच. बरोबर?

कऱ्हाडकर
बरोबर. माझा अँपचा हट्ट मागे घेतो, तुमच्या हद्दीत हेच बसतं. भाव सणासुदीला हलतात, तीन ठिकाणी विचारा. बिल घ्या, आणि दुकानातच खोका उघडून आर्म मोकळा हलतो का, ताटली डगमगत नाही ना ते बघा. प्रवासात आर्म बांधून आणि मागचं वजन काढून न्या.

जवारी_मिरज
७८ची सुई येईल तेव्हासाठी दोन गोष्टी. एक, या रेकॉर्ड मोनो आहेत. दोन्ही चॅनेल एकत्र करणारं मोनोचं बटण किंवा वायर लावा, म्हणजे खाचेच्या उभ्या दिशेतली खरखर परस्पर कटते आणि गाणं मोकळं होतं.

दुसरं, सगळ्या ७८ खरंच ७८ने कोरलेल्या नाहीत. १९२५च्या आधी कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं, तेव्हाच्या कित्येक सत्तरी-ऐंशीच्या मध्ये कुठेही असतात. एलपी१२०एक्सला वेगाची सरकपट्टी आहे, ८ किंवा १६ टक्के खाली-वर. अर्धा स्वर म्हणजे जवळपास ६ टक्के, त्यामुळे एका पट्टीची दुरुस्ती सहज होते. घरची पेटी घेऊन बसा, रेकॉर्डमधल्या साथीच्या पेटीशी जवळची पट्टी जुळवा. दोन पट्ट्यांत शंका आली तर ताना ऐका : वेग जास्त असेल तर ताना घाईत पळतात आणि शब्दोच्चार बारीक होतो, कमी असेल तर गमक जड होते. ज्या पट्टीवर गळा माणसाचा वाटतो ती खरी, आणि तो आकडा रेकॉर्डच्या पिशवीवर पेन्सिलने लिहून ठेवा.